छत्रीचा चीक

२ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा, रक्तदाब उतरेल. ह्यांनी लगेच दुकानातून तीन वह्या आणल्या. एक का नाही, विचारलं तर म्हणाले, "एक तुला बुधवारपर्यंत पुरेल."

तर लिहिते. आजचा राग.

कालव्याच्या काठाने नवी पायवाट झाली आहे. बुधवारी, अकरा तारखेला, तिचं उद्घाटन. वाटेच्या उतारावर ते रानगवत, म्हणजे गवत कसलं, झाडंच ती, दीड पुरुष उंचीची माजली आहेत. मनगटाएवढे पोकळ दांडे, त्यावर जांभळे ठिपके, बारीक लव, आणि डोक्यावर पांढऱ्या फुलांचे हे एवढाले घेर. आमची माणसं त्याला नुसतं 'छत्री' म्हणतात. साहेबांचा हुकूम: गुरुवारपर्यंत उतार साफ पाहिजे. मी बागखात्यात एकोणीस वर्षं मुकादम आहे. गुरुवार म्हणाले म्हणजे मी सोमवारीच करून दाखवणार.

साडेअकराला सगळ्यांना उतारावर उभं केलं, तर थोरली विळा खाली ठेवून म्हणते, "बाई, हिचा चीक वाईट. ऊन उतरल्यावर कापू."

थोरली आणि धाकटी या सख्ख्या बहिणी, माझ्याच टोळीत. धाकटी मुकाट राबते. थोरलीला प्रत्येक गोष्टीत मत असतं.

मी म्हटलं, "चीक वाईट आहे की तुला ऊन नको आहे?"

"आमची आजी सांगायची, बाई. कापायची तर सावलीत, आणि लगेच धुवायचं."

"तुझ्या आजीला मुकादम करू का? डेपो पाचला बंद होतो. ऊन उतरेपर्यंत मी काय आरती ओवाळू तुमची?"

सगळे हसले. थोरली नाही हसली. धाकटीने बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि कामाला लागली. तिला बघून बाकीचेही लागले. तीनला उतार लख्ख. माणसाला बोललं की काम होतं, हे डॉक्टरांना कोण सांगणार.

४ सप्टेंबर, बुधवार

काल धाकटी आली नाही, आजही नाही. थोरलीला विचारलं तर "हात भाजलेत," एवढंच. काम संपल्यावर मी स्वतः तिच्या घरी गेले.

दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत फोड, पाण्याने टरारलेले, काही सुपारीएवढे. मानेवर एक पट्टा. गालावर दुसरा, बारीक, वाकडा, कोणी काहीतरी भिरकावल्यावर उडावं तसा. मी एवढी वर्षं वर्तमानपत्र वाचते. असले पट्टे कशाने उठतात हे मला कोणी शिकवायला नको.

तिचा नवरा दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. टोळीत सगळे त्याला गमतीने जावईबापू म्हणतात. मला तो माणूस कधीच पटला नाही. कमी बोलतो. जे पुरुष कमी बोलतात त्यांच्या पोटात काय असतं ते देवालाच माहीत. (आमचे हेही कमीच बोलतात, पण ते वेगळं.)

मी विचारलं, "हे कशाने झालं?"

धाकटी म्हणाली, "कळत नाही बाई. सोमवारी रात्री आग व्हायला लागली. काल फोड आले."

"आपोआप?"

तिच्याऐवजी तोच म्हणाला, "मी दवाखान्यात चल म्हणतोय कालपासून. ही ऐकत नाही."

नाहीच ऐकणार! दवाखान्यात डॉक्टर विचारतील ना! शेजारीणबाईला जिन्यात गाठलं. ती म्हणाली, सोमवारी संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. कशावरून ते तिला माहीत नाही. मला माहीत करून घ्यायचंही नाही.

निघताना धाकटी माझ्यामागे उंबऱ्यापर्यंत आली. "बाई, ह्यांनी काही केलं नाही हो. शपथ."

सगळ्याच असं म्हणतात. आणि म्हणूनच सगळ्याच मरतात.

५ सप्टेंबर, गुरुवार

तिला ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, घाईत. म्हणाली, "रासायनिक काहीतरी लागल्यासारखं दिसतंय. घरी फरशीचं अॅसिड वगैरे सांडलं का?" धाकटी नाही म्हणाली. डॉक्टरीणबाईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. कागदावर लिहिलं: 'घरगुती अपघात?' प्रश्नचिन्ह घालून मोकळी! एका बाईची कातडी सोलून निघते आणि हिला प्रश्नचिन्ह सुचतं.

तिथून मी थेट चौकीत. हवालदार पेपरातलं कोडं सोडवत होता. म्हणाला, "तिची तक्रार नाही, तर तुमची कशी?" मग मात्र मी आवाज काढला. रस्त्यावरची माणसं खिडकीशी जमली. मी सांगितलं, त्या माणसाच्या गाडीत रोज चौदा पोरं बसतात, उद्या त्यातल्या एकाला काही झालं तर तुमचं कोडं सुटेल का? त्याने निमूट कागद पुढे केला. दोन पानं लिहिली, खाली ठसठशीत सही.

तासाभरात त्याला व्हॅनमधून उतरवून नेलं. शाळेच्या फाटकातून. बरं झालं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "तुला खात्री आहे?"

"मला डोळे आहेत."

"डोळे सगळ्यांनाच असतात," म्हणाले आणि चहा ठेवायला गेले. या माणसाला कधी चिडताच येत नाही. जगात एवढा अन्याय चालू आहे आणि हे आलं किसताहेत.

ता. क. टोळीतल्या काकांच्या बोटांच्या बेचक्यात फोड आलेत. नव्या विळ्याची मूठ खरबरीत आहे म्हणे. भांडारवाल्यांना उद्या झापते.

७ सप्टेंबर, शनिवार

त्याला दोन दिवस ठेवून सोडलं. पुरावा नाही म्हणे. शाळेने मात्र व्हॅन बंद केली, तेवढी तरी अक्कल कोणालातरी आहे.

साहेबांनी बोलावून घेतलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बसा म्हणाले, चहा मागवला. "मुकादमबाई, तुम्ही धडाडी दाखवलीत. बरं झालं, लेखी दिलंत. नाहीतर कामावर काही झालं म्हणून उगाच खात्याचं नाव निघालं असतं." कौतुकाची सवय नाही म्हणून की काय, चहा घशाखाली नीट उतरला नाही.

थोरली माझ्याशी बोलत नाही. हजेरी घेताना नुसता हात वर करते. जेवणाच्या सुट्टीत मीच गेले जवळ. म्हटलं, "तुझ्या सख्ख्या बहिणीसाठी भांडले मी. दोन शब्द चांगले बोलशील की नाही?"

ती म्हणाली, "चौकीत जायच्या आधी मला विचारायचं होतं, बाई."

"तू काय सांगणार होतीस?"

"तेच. जे उतारावर सांगितलं होतं."

आता काय बोलायचं? बहिणीच्या अंगाची लाही झाली आणि हिच्या डोक्यात अजून ते ऊन आणि ती आजी! जावयाला वाचवायला माणसं कुठल्या थराला जातात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय.

९ सप्टेंबर, सोमवार

कालव्याच्या दरवाजाजवळ छत्रीचा एक गड्डा राहिला होता. उद्घाटनाला पाहुणे नेमके तिथेच उभे राहणार. थोरलीला सांगितलं. ती म्हणाली, "चारनंतर कापते." सगळ्यांसमोर. काकाही तिच्या बाजूला सरकले, हाताला चिंधी बांधून.

नाकाला मिरच्या झोंबल्या. विळा घेतला, उतरले. चांगली सात झाडं मी एकटीने आडवी केली, भर बाराला. आत पाण्यासारखा चीक असतो, दांडा तुटला की पिचकारीसारखा उडतो. वास बडीशेपेसारखा, जरा उग्र. हात गवताला पुसले आणि वर येऊन म्हटलं, "मेले का मी?"

काका हातावरची चिंधी आवळत राहिले.

१० सप्टेंबर, मंगळवार

उजव्या हाताची आग होते आहे. साबण बदलला आहे ह्यांनी, स्वस्तातला. सांगितलं स्पष्ट. ह्यांनी जुना साबण शोधून आणला.

११ सप्टेंबर, बुधवार

सकाळी उठले तर हातावर फोड.

मनगटावर घड्याळाचा पट्टा असतो तेवढी कातडी स्वच्छ. तिच्या वर आणि खाली लाल, टरारलेलं. कोपरापर्यंत एक पट्टा, बारीक, वाकडा, कोणी काहीतरी भिरकावल्यावर उडावं तसा.



हे आत आले. हात पाहिला. ओला पंचा आणून अलगद गुंडाळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता चौकीत माझं नाव देणार का?"

चेष्टा होती. बत्तीस वर्षांत मी ह्यांच्या एकाही चेष्टेला उत्तर दिल्यावाचून राहिले नव्हते.

उद्घाटनाला गेले. हात पाठीमागे धरून उभी राहिले. पाहुणे म्हणाले, परिसर किती प्रसन्न केलाय. माझ्याच नावाने टाळ्या झाल्या.

१२ सप्टेंबर, गुरुवार

कॉलेजातले निवृत्त वनस्पतीवाले मास्तर दोन गल्ल्या सोडून राहतात. वर्तमानपत्रात गुंडाळून, कापडी पिशवीतून छत्रीची एक फांदी नेली. त्यांनी ती टेबलावर पसरली आणि नातू भेटायला आल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला.

"वा! केवढी देखणी छत्री! हे पाहा, मोठ्या छत्रीच्या प्रत्येक काडीवर लहान छत्री. ही गाजराच्या कुळातली. कोथिंबीर, जिरं, बडीशेप, सगळी हिची भावकी. आणि ही एकटी नाही बरं का, ही अख्खी प्रजाती आहे. पुष्कळ बहिणी. कोणी गुडघ्याएवढी, कोणी घराला टेकेल एवढी. शास्त्रातलं नाव एका बलदंड वीरावरून—"

मी पंचा सोडला आणि हात त्या फुलांशेजारी ठेवला.

मास्तर थांबले. चष्मा काढला. "उन्हात कापलीत?"

"हो."

"अरेरे. काही बहिणी साध्या आहेत, पण या काहीजणी फार तापट. चिकात असं द्रव्य असतं की नुसतं लागलं तर कळतही नाही. त्यावर ऊन पडलं की कातडी जळते. लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. म्हणून माणसाच्या लक्षातच येत नाही कशाने झालं. डाग महिनोन्‌महिने राहतात. वर्षभर त्या जागेला ऊन लागू द्यायचं नाही."

"आणि ऊन उतरल्यावर कापली असती तर? लगेच धुतलं असतं तर?"

"तर एवढं झालं नसतं. हातमोजे हवेतच, पण ऊन टाळणं मुख्य."

"हे कोणाला माहीत आहे?"

"पुस्तकांत आहे की."

मला असा संताप आला! पुस्तकांत आहे! कपाटात! खात्याने एक कागद डेपोच्या भिंतीवर लावला असता तर? साहेब काय झोपले होते? डॉक्टरीणबाईला प्रश्नचिन्ह काढता येतं, पण झाडाबद्दल विचारता येत नाही? हवालदार कोडं सोडवतो, समोर पडलेलं हे त्याला सोडवता आलं नाही? आणि मास्तर, तुम्ही दोन गल्ल्यांवर बसून छत्र्या मोजत होतात!

यातलं बरंचसं मी मोठ्याने बोलले. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "रानात काम करणाऱ्या जुन्या माणसांना हे माहीत असतं, बाई. तुमच्या टोळीत कोणी काही बोललं नाही?"

मी फांदी तिथेच ठेवून निघाले.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांना सगळं सांगितलं, हात दाखवला. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"मुकादमबाई, तुमचा हात, ती तुमची वैयक्तिक बाब. त्या बाईचं प्रकरण घरगुती आहे, दवाखान्याच्या कागदावर तसं आहे. आणि चौकीतला कागद तर तुमच्याच अक्षरात आहे. आता तुम्हीच तो खोटा म्हणणार? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"तिचा उपचार खात्याने करायला हवा. कामावर भाजली ती."

"कोणाच्या हुकुमाने, असा प्रश्न येईल मग," म्हणाले. अगदी गोड.

मी खुर्चीवरून उठले ती दार न लावता बाहेर आले. नीच माणूस. चहा पाजून माझ्याकडून त्याने स्वतःचं कुंपण बांधून घेतलं, आणि मी बांधून दिलं, वर ठसठशीत सही केली.

१४ सप्टेंबर, शनिवार

चौकीत गेले. तोच हवालदार. म्हटलं, तक्रार चुकीची होती, लिहून घ्या. तो म्हणाला, "जरा मोठ्याने बोला. त्या दिवशी तुमचा आवाज कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत गेला होता." लिहून दिलं.

मग धाकटीच्या घरी. पडदे ओढलेले, ती आतल्या खोलीत अंधारात. हात जांभळट तपकिरी झालेत. तो स्वयंपाकघरात भांडी घासत होता, तिला पाण्यात हात घालता येत नाही म्हणून. थोरलीही होती. कोणी बसा म्हणालं नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. झाडाचं, चिकाचं, उन्हाचं. शेवटी म्हटलं, "माझं चुकलं."

तो हात पुसत बाहेर आला. "त्या सोमवारी आमचं कशावरून वाजलं होतं माहीत आहे? मी म्हणत होतो, हिचे हात लाल झालेत, उद्या कामाला जाऊ नकोस. ही म्हणत होती, बाई रागावतील."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती कुठली घ्यायला.

मी म्हटलं, "मी काय करू सांग."

"चौकीत तुम्ही हळू बोलला नव्हतात," तो म्हणाला. "शाळेच्या फाटकातून नेलं मला. पोरं बघत होती. तिथे येऊन बोला."

१६ सप्टेंबर, सोमवार

गेले. शाळा भरायच्या वेळेला, फाटकाशी. पोरांना सोडायला आलेल्या आयाबापांसमोर एखाद्या वेडीसारखी उभी राहिले आणि पंचा सोडून हात वर धरला. सगळं सांगितलं. शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवला.

काहींनी ऐकलं. काही घड्याळ बघत निघून गेले. एकीने मला बाजूला घेतलं, चांगली शिकलेली, दयाळू चेहऱ्याची. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ताई, घाबरू नका. त्याने तुम्हाला धमकी दिली आहे का?"

मी "नाही" म्हणाले. तिने मान हलवली. तिला काही पटलं नाही, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. त्या बाईच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली. रस्ताभर ती चीड उतरली नाही. घरी येऊन बसले तेव्हा कळेना की मी नेमकी कोणावर चिडले आहे.

१८ सप्टेंबर, बुधवार

कारणे दाखवा नोटीस. 'खात्याची बदनामी.' मग काय, मी चार पानं उत्तर लिहिलं. खात्याने सूचना लावली नाही, हातमोजे दिले नाहीत, वनस्पतीची माहिती घेतली नाही, जखमी कामगाराची साधी चौकशी केली नाही. ह्यांनी वाचून फक्त एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला.

डेपोत थोरलीला वाचून दाखवलं. वाटलं, आता तरी तिचा चेहरा जरा उलगडेल. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"छान आहे," म्हणाली. "यात मी कुठे आहे, बाई?"

"म्हणजे?"

"मी सांगितलं होतं ना. आधीच."

चारी पानं चाळली. नव्हतं. खरंच नव्हतं. या वहीत पहिल्याच दिवशी लिहिलेलं आहे, माझ्याच हाताने, आणि तरी उत्तरात कुठेच नव्हतं.

मी म्हटलं, "ते लिहिलं तर माझी मुकादमी जाईल."

"लिहिलं नाही तर धाकटी घरीच भाजली असं राहील," थोरली म्हणाली आणि विळे मोजायला गेली.

हे ऐकून घेणं फार जड गेलं. खोटं का सांगू, अजूनही जातं. मला कोणी असं बोललेलं नाही. पण डेपोच्या टेबलावर बसूनच नवा कागद घेतला. पहिलं वाक्य: 'सदर वनस्पतीचा चीक अपायकारक असून ती उन्हात कापू नये, असे मला कामापूर्वी सांगण्यात आले होते, तरीही मी भर दुपारी ती कापण्याचा हुकूम दिला.' त्याखाली मग खात्याचं जे काय ते. ते मी एक अक्षरही कमी केलेलं नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

मुकादमी गेली. आता मी टोळीत. मुकादम म्हणून रोपवाटिकेतले कोणीतरी आलेत, त्यांना छत्री आणि धोतरा यांतला फरक कळत नाही. रोज पारा चढतो. पण डेपोच्या भिंतीवर सूचना लागली आहे, मास्तरांकडून चित्र काढून घेऊन. आणि धाकटीच्या कागदावरचं प्रश्नचिन्ह गेलं: 'कामावरील इजा'. उपचार खातं करणार, बरी झाली की रोपवाटिकेतलं, जाळीखालचं काम.

आज तिची आणि माझी, दोघींची पट्टी बदलायची होती. थोरली सोबत. दवाखान्यातून बाहेर पडलो तर दीड वाजलेला, रस्ता नुसता तापलेला. समोर व्हॅन उभी. त्याच्याकडे पाच पोरं परत आलीत, असं थोरली म्हणाली. नऊ नाही आली.

त्याने सरकतं दार उघडलं. धाकटीला हातांना धक्का न लागू देता आत बसवलं, थोरली बसली. मी बसस्टॉपकडे वळले.

"तुम्हीही बसा," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. "ऊन आहे."

मी बसले. धाकटीच्या बाजूच्या खिडकीतून ऊन आत येत होतं. मी माझी पिशवी काचेला लावली आणि घर येईपर्यंत डाव्या हाताने तशीच धरून ठेवली.